बिनकोथिंबिरीची बशी

“कोथिंबीर नको.”

“ठावं हाय की. रोज कशाला सांगताय?” कौसाक्का म्हणाली आणि माझी बशी तिनं बाकीच्या बशांपासून वेगळी काढून ठेवली.

मे महिन्यातला मंगळवार होता. सकाळचे साडेसात वाजले होते आणि ऊन आताच टोचायला लागलं होतं. सावळेरच्या एसटी स्टँडबाहेर लिंबाखाली कौसाक्काचा पोह्यांचा गाडा असायचा. कढईतून बशीत पोहे, त्यावर शेव, ओलं खोबरं, लिंबाची फोड आणि सगळ्यात शेवटी कोथिंबीर. तीही चिमूटभर नाही. उन्हाळ्यात जिथं हॉटेलवाले पदार्थाला कोथिंबीर नुसती दाखवायचे, तिथं ही बाई मूठभर घालायची. तिच्या पोह्यांचं नाव होतं ते तेवढ्यासाठीच. एसटीचे ड्रायव्हर गाडी दोन मिनिटं जास्त थांबवून खाऊन जायचे.

मला मात्र कोथिंबिरीला लहानपणापासून ढेकणाचा वास येतो. आईनं मारून, गोंजारून, लपवून घालून पाहिलं, पण उपयोग झाला नाही. कौसाक्काच्या दृष्टीनं हे माझ्यातलं मोठं व्यंग होतं.

“एवढं डाक्टर झालासा, पर खायाची अक्कल काय आली न्हाई,” ती बशी हातात देत म्हणाली. “आज खडकवाडीचा वार न्हवं? सातची गाडी तर गेली.”

“जाईन पुढच्या गाडीनं.”

ती हसली. पुढची गाडी साडेअकराला होती आणि मी जाणार नाही, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. “गेली तर गेली,” ती म्हणाली. “मी काय कुणाला सांगाया चाललीया?”

मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि सावळेरच्या प्राथमिक आरोग्य केंद्राची वैद्यकीय अधिकारी होते. दर मंगळवारी खडकवाडीच्या उपकेंद्राला भेट द्यायची, तिथलं लसीकरण पाहायचं आणि टूर डायरीत नोंद करायची, असा नियम होता. त्या मंगळवारची नोंद मी सोमवारीच करून ठेवली होती: ‘सकाळी ७.०० वा. एसटीने खडकवाडीकडे रवाना.’ प्रत्यक्षात पोहे खाऊन मी केंद्रावर परत आले आणि माझ्या खोलीचं दार लावून अभ्यासाला बसले. महिन्याभरावर एमडीच्या प्रवेशाची परीक्षा होती. सरकारी डॉक्टरांसाठी काही जागा राखीव असायच्या, पण त्यासाठी सेवेची नोंद स्वच्छ लागायची. अशाच एका बुडवलेल्या दौऱ्यासाठी मला आधी एक नोटीस मिळालेली होती. दुसरी मिळाली असती तर जागा गेलीच असती.

माझ्या टेबलासमोर खिडकी होती. केंद्राच्या मागं त्या रखरखीत दिवसांत सगळ्या सावळेरमध्ये हिरवा म्हणावा असा एकच पट्टा होता. आमचा शिपाई मगर याच्या बायकोनं, सोनाबाईनं, तिथं चार वाफे केले होते. पुस्तकावरून डोळे उचलले की ती हिरवाई दिसायची आणि बरं वाटायचं. विहिरी आटलेल्या असताना तिथं पाणी येतं कुठून, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

बुधवारी संध्याकाळी पहिले चार रुग्ण आले. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखे जुलाब, उलट्या, पायात गोळे. गुरुवारी सकाळी एकोणीस झाले. सहा खाटांचं आमचं केंद्र. व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या आणि खिडक्यांच्या गजांना सलाईनच्या बाटल्या टांगल्या. शुक्रवारी आकडा अडतीसवर गेला आणि जिल्ह्याहून साथरोग अधिकारी डॉक्टर देवस्थळी जीपनं आले.

देवस्थळी साहेब बारीक अंगाचे, पांढरा बुशशर्ट घालणारे, आवाज कधीच न चढवणारे. आल्या आल्या त्यांनी विचारलं, “फॉर्म केलाय?”

मी केला होता. गुरुवारी दुपारी, सलाईन लावता लावता. आणि त्याचा मला अभिमान होता, हे कबूल करायला हवं. आजारी माणसानं तीन दिवसांत काय काय खाल्लं याची यादी: पोहे, भजी, वडा, चहा, दूध, उसाचा रस, बर्फाचा गोळा, कलिंगड, ताक, मटण, अंडी, पेढे, पिण्याचं पाणी कुठलं. तेरा ओळी होत्या. आजारी माणसांना विचारायचं, त्यांच्या शेजारच्या धडधाकट माणसांनाही तेच विचारायचं आणि फरक कुठं पडतो ते पाहायचं.

“काही राहिलं नाही ना?” त्यांनी विचारलं.

“नाही सर.”

दुपारपर्यंत आमचे आरोग्य सहाय्यक बोडके आणि दोन नर्सबाई गावभर फिरून आल्या. बोडके पन्नाशीचे होते. प्रत्येक घरात त्यांना चहा मिळायचा आणि चहाबरोबर खरी माहितीही. देवस्थळींनी फॉर्मचे दोन गठ्ठे केले आणि पेन्सिलीनं रेघा ओढल्या. अडतीस आजाऱ्यांपैकी एकोणतीस जणांनी मंगळवारी सकाळी कौसाक्काचे पोहे खाल्ले होते. चाळीस धडधाकट माणसांत मंगळवारी तिथं खाल्लेला एकही नव्हता.

“हे बघा,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं. “इतकं स्वच्छ उत्तर सहसा मिळत नाही.”

मी त्या कागदाकडे बघत राहिले. चाळीस धडधाकट माणसांत मी नव्हते. मला कुणी विचारलंच नव्हतं. फॉर्म बनवणाऱ्याला फॉर्म कोण भरायला लावणार?

“आता मला एकच पाहिजे,” देवस्थळी पुढे म्हणाले. “पोहे खाल्लेत आणि काहीही झालेलं नाही, असा एक माणूस. एक जरी सापडला तरी पुरे. त्यानं वेगळं काय केलं, पाणी प्यायला नाही की खोबरं घेतलं नाही, ते कळलं की पोह्यातलं नेमकं काय ते कळेल. बोलवा त्या बाईला.”

कौसाक्का आली तेव्हा तिनं डोक्यावरून पदर घेतला होता. गाड्यावर मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. व्हरांड्यातल्या एका बाईनं तिला बघून तोंड फिरवलं. बातमी तिच्या आधी पोचली होती.

“बसा,” देवस्थळी म्हणाले. ती बसली नाही.

“पाणी कुठलं वापरता?”

“टँकरचं. पावडर टाकून. प्यायचं उकळून ठिवती साहेब, तुमच्या म्याडमनीच शिकवलंया.”

“हात धुता?”

“धुती की. सोळा वर्सं झाली गाड्याला. माझ्या हातचं खाऊन कुणाचं पोट दुखलं न्हाई.”

“आता दुखलंय,” ते शांतपणे म्हणाले. “पोह्यांत काय काय घालता?”

“कांदा, मिरची, शेंगदाणं, हळद, मीठ, कडीपत्ता. वर शेव, खोबरं, लिंबू.”

देवस्थळींनी सगळं लिहून घेतलं. कोथिंबीर तिनं सांगितली नाही. लपवायचं म्हणून नव्हे. आपल्याकडे कोथिंबीर सांगायची असते का? ती भाजीवाल्याकडून वर मिळते आणि पदार्थाच्याही वरच राहते. मीठ तरी आपण मोजतो.

“बरं, आता नीट आठवून सांगा,” देवस्थळी म्हणाले. “मंगळवारी सकाळी तुमच्याकडे कोण कोण खायला आलं होतं?”

कौसाक्कानं बोटांवर नावं घ्यायला सुरुवात केली. पोस्टातला कुंभार. दोन एसटीवाले. शाळेतले गुरुजी आणि त्यांचा मेहुणा. सोसायटीचे तिघं. बाजाराला आलेलं एक नवरा-बायकोचं जोडपं. मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. नाव घेता घेता तिची नजर माझ्यावर आली. मी खाली फॉर्मकडे बघायला लागले. फॉर्ममध्ये बघण्यासारखं काही नव्हतं.

“आणि?” देवस्थळी म्हणाले. “ह्यांच्यातलं कुणी असं आहे का, की ज्याला काही झालं नाही? नीट आठवा बाई. तुमच्याच फायद्याचं आहे.”

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

“न्हाई साहेब,” ती म्हणाली. “आठवत न्हाई.”

माझा जीव भांड्यात पडला. दुसरा शब्द नाही. विसरली बिचारी, असं मी मनात म्हटलं आणि बरं झालं, असंही म्हटलं. मी स्वतःला समजावलं की एका माणसाचं काय असतं? एखादा नशिबानं वाचतो. त्यावरून शास्त्र ठरत नाही. देवस्थळींनी थोड्याच वेळापूर्वी मला उलटं सांगितलं होतं, पण ते आठवायची माझी तयारी नव्हती.

संध्याकाळी ग्रामसेवकानं गाड्याला कुलूप घालून वर कागद चिकटवला. पोह्यांची कढई, घागर आणि चाकू तपासणीसाठी आमच्याकडे आले. कौसाक्काच्या विष्ठेचा नमुनाही घेतला. तिनं डबी हातात घेतली आणि मला विचारलं, “म्याडम, माझ्या हातात काय रोग हाय का वो?”

“तपासणी आहे नुसती,” मी म्हटलं.

“गाडा सोडून माझं दुसरं काय हाय का सावळेरात?” ती म्हणाली. “खोली भाड्याची. नवरा गेला तवापास्नं गाडा हेच घर.”

“होईल सगळं नीट.”

शनिवारी पेपरात बातमी आली. ‘पोह्यांतून गॅस्ट्रो’ असा मथळा होता आणि गाड्याचा फोटो.

गाडा बंद झाला, पण रुग्ण थांबले नाहीत. शनिवारी सात आले. देवस्थळी म्हणाले, घरातल्या आजाऱ्यांपासून लागण झाली असेल. रविवारी आणखी अकरा आले आणि ते सगळे कोष्टी आळीतले. एकाच घरची माणसं आणि त्यांचे पाहुणे. शनिवारी तिथं साखरपुडा झाला होता. त्यात आबा कोष्टी होते. सत्तरीचे, नवरदेवाचे आजोबा. केंद्राच्या खिडक्यांचे पडदे त्यांनीच शिवून दिले होते, आणि शिलाई विचारल्यावर ‘दवाखान्याकडनं काय घ्यायचं’ म्हणाले होते. रविवारी दुपारी त्यांच्या दोन्ही हातांना सलाईन लावलं. ते मला म्हणाले, “पोरी, पडदे धुवायला काढ. धूळ बसलीया.”

सोमवारी सकाळी नऊ वाजता त्यांना जीपमध्ये घालून जिल्ह्याला पाठवलं. जीप घाटाच्या तोंडाशी पोचायच्या आत परत आली.

बोडके जीपमधून उतरले आणि सरळ माझ्या खोलीत आले. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली.

“मॅडम, हा माणूस स्टँडकडं फिरकत नव्हता,” ते म्हणाले. “गेली दोन वर्षं घराबाहेर पडला नव्हता. कौसाक्काचा ह्यात संबंध नाही. मी आधीपासून म्हणतोय.”

“साखरपुड्यात काय होतं जेवायला?”

“पुरी, बटाट्याची भाजी, जिलेबी, मसालेभात. सगळं गरम, कढईतनं पानात. आणि मठ्ठा.”

“आबांनी काय खाल्लं?”

“त्यांना दात कुठं होते? भात कालवून थोडा आणि मठ्ठा. मठ्ठा दोन वाट्या प्यायले, सून सांगत होती.”

“मठ्ठ्यात काय होतं?”

“ताक. घरचं, उकळलेल्या दुधाचं. आलं, जिरं, हिंग, मीठ.”

“अजून?”

“अजून काय असणार?” बोडके वैतागले. मग हात हलवून म्हणाले, “वरून कोथिंबीर. ती काय, असतेच.”

मी खुर्चीत बसले होते आणि तशीच बसून राहिले. ‘कोथिंबीर नको,’ असं मी मंगळवारी म्हटलं होतं. त्या दिवशी तिथं बशी घेतलेल्या सगळ्यांत हे म्हणणारी मी एकटीच असणार. देवस्थळींना हवा असलेला तो एक माणूस शुक्रवारी दुपारी त्यांच्यापासून चार फुटांवर उभा होता. ‘सर, मी खाल्ले होते,’ एवढं म्हटलं असतं तर त्यांनी पुढचा प्रश्न विचारलाच असता की तुम्ही वेगळं काय केलंत? आणि एका मिनिटात उत्तर मिळालं असतं. शुक्रवारी मिळालं असतं. साखरपुडा शनिवारी झाला.

बोडके माझ्याकडे बघत होते. “काय झालं मॅडम?”

“फॉर्म आणा,” मी म्हटलं. “एक ओळ वाढवायची आहे.”

चौदावी ओळ मी हातानं लिहिली: ‘कुठल्याही पदार्थावर कच्ची कोथिंबीर होती का?’ दोन तासांत सगळ्या आजाऱ्यांना पुन्हा विचारून झालं. दहातल्या नऊ जणांचं उत्तर होय होतं. पोह्यांवर, मठ्ठ्यात, कोशिंबिरीत. शुक्रवारी ज्या नऊ जणांचं कोडं सुटत नव्हतं, त्यांचंही सुटलं. प्रत्येकानं आधी तेच म्हटलं की हो, होती, पण ते काय खाल्ल्यात धरायचं?

कोथिंबीर कुठून आणली, हे शोधायला तर अर्धा तासही लागला नाही. त्या उन्हात सावळेरमध्ये कोथिंबीर एकाच ठिकाणी होत होती. कौसाक्काला, कोष्टी आळीला आणि बाजारच्या दोन भाजीवाल्या बायकांना जुड्या देत होती सोनाबाई मगर. मी खिडकीशी उभी राहिले आणि तो हिरवा पट्टा पहिल्यांदा नीट पाहिला. केंद्राच्या संडासाची टाकी मागच्या अंगानं फुटलेली होती. तिथून निघणाऱ्या पाण्याला सोनाबाईनं कुदळीनं दांड काढून वाफ्यात सोडलं होतं. जुड्या ताज्या दिसाव्यात म्हणून त्याच पाण्याचा हबकाही मारायची. साथीच्या आदल्या आठवड्यात ऊसतोडीहून परतणाऱ्या टोळीतला एक जण जुलाबानं दोन दिवस आमच्याकडे होता. तिथून सुरुवात. मग आम्ही अडतीस जणांना व्हरांड्यात झोपवलं आणि त्या सगळ्यांचं टाकीत गेलं, टाकीतून वाफ्यात, वाफ्यातून जुड्यांत. साथ मी माझ्या खिडकीखाली पिकवत होते आणि डोळ्यांना गारवा म्हणून तिच्याकडे बघत होते.

सोनाबाई एकच म्हणाली, “पाणी वाया जात हुतं म्हून वळवलं, म्याडम.” तिच्यावर ओरडायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

दुपारी देवस्थळी आले. वाफे उखडून चुना टाकला होता. त्यांनी नवा तक्ता दोनदा पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, “शाबास. कसं सुचलं हे?”

इथं मला दुसरी संधी होती.

“मठ्ठ्यावरून, सर,” मी म्हटलं.

“आम्हां पुरुषांना नसतं सुचलं. स्वयंपाकघरात वावरलेल्या बाईलाच सुचणार.” त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. बोडके दारात उभे होते. ते टोपी घालून व्हरांड्यात गेले.

साथ चार दिवसांत आटोपली. नमुन्यांत कॉलरा निघाला. कौसाक्काचा नमुना स्वच्छ होता, तिची घागरही स्वच्छ होती. ग्रामसेवकानं कुलूप काढलं, कागद फाडला. अहवालात मी लिहिलं की, गाडाचालक महिलेचा दोष आढळून आला नाही. तो अहवाल जिल्ह्याला गेला. सावळेरमध्ये अहवाल कोण वाचतो? पेपरानं दुसरी बातमी छापलीच नाही. लोकांच्या लक्षात गाड्याचा फोटो राहिला.

गुरुवारी तिनं कढई चढवली. बोडकेंनी मला सांगितलं की सकाळपासून दोन बशा गेल्या, त्यातली एक त्यांनी घेतली. शुक्रवारी एकच गेली. “मॅडम,” ते म्हणाले, “तुम्ही एकदा जाऊन उभ्या राहा तिथं. डॉक्टरीणबाई खातायत म्हटल्यावर लोक येतील.”

“जाते,” मी म्हटलं.

गेले नाही. स्टँडवरून जायचा रस्ता सोडून मी शाळेमागून जायला लागले. अभ्यास आहे, उन्हाचा त्रास होतो, उद्या जाऊ. मला तिच्यासमोर उभं राहायचं नव्हतं, एवढंच खरं होतं. दोष नाही असं लिहून दिलं म्हणजे फिटलं, असं मी धरून चालले होते.

त्या वर्षी मला एमडीची जागा मिळाली. शिफारसपत्र देवस्थळींनी दिलं आणि त्यात सावळेरच्या कोथिंबिरीचा परिच्छेद होता. पुढे मी वैद्यकीय महाविद्यालयात वीस वर्षं साथरोग शिकवले. दरवर्षी एका तासाला फळ्यावर तेरा ओळी लिहायची आणि मुलांना विचारायची, यात काय राहिलंय? मुलं हरली की चौदावी लिहायची. तास रंगायचा. “कुणी खाल्ल्यात धरत नाही ते विचारायला शिका,” असं मी शेवटी म्हणायची. ‘फॉर्म बनवणाऱ्यानं काय खाल्लं?’ ही पंधरावी ओळ मी कधी लिहिली नाही.

कौसाक्का आली ती त्याच मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी. ओपीडी चालू होती, व्हरांड्यात रांग होती. ती रांगेत उभी राहून आली. खांद्याला पिशवी, हातात पितळी डबा. पेशंटच्या स्टुलावर ती बसली.

“काय होतंय?” मी विचारलं. तोंडात रोजचंच वाक्य आलं.

“मला काय हुतंय?” ती हसली. “जाती म्याडम. भावाकडं, तासगावाकडं. साडेधाची गाडी हाय. गाडा इकला.”

“कुणाला?”

“हाय एक वडेवाला. चाकं चांगली हायती म्हनला.” तिनं डबा टेबलावर ठेवला. “शेवटची कढई केली हुती. म्हटलं, तुमचा घास ऱ्हायला नको.”

“अहवालात मी लिहिलंय,” मी म्हटलं. “तुमचा काही दोष नाही म्हणून. स्पष्ट लिहिलंय.”

“बोडके सायबांनी सांगितलं.” तिनं पदरानं डब्याचं झाकण पुसलं. “तुमास्नी काय झालं न्हाई, हे लई बरं झालं. मी बुधवारपास्नं नुसती तुमचा इचार करत हुती. म्हटलं, ह्यांनी बी खाल्ल्यात. मग शुक्रवारी तुमी हितं उभ्या दिसलासा, तवा बरं वाटलं.”

“म्हणजे तुम्हाला आठवत होतं?”

“न आठवाय काय झालं? तुमची एकलीचीच बशी येगळी असती.”

बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. मी स्टेथोस्कोप गळ्यातून काढला आणि पुन्हा घातला.

“मग त्या दिवशी साहेबांनी विचारलं तेव्हा सांगितलं का नाही?”

“जिभंवर आलं हुतं,” ती म्हणाली. “पर तुमी खाली बघाया लागलासा. मग ध्यानात आलं, त्या दिशी तुमी खडकवाडीला हुता न्हवं, कागदावर. बाईमाणसाची नोकरी. माझ्यापायी कशाला जावी?” तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. “आन मला वाटलं, तुमी सोताच सांगचाल. आज न्हाई तर उद्या.”

मी काहीही म्हणू शकले असते. चूक झाली म्हणू शकले असते. माझ्यामुळे गाडा गेला, माझ्यामुळे आबा गेले, हे म्हणू शकले असते. मी डबा जवळ ओढला.

“खावा आता,” ती म्हणाली. “डबा न्यायचा हाय मला. आईचा हाय.”

मी झाकण उघडलं. पोहे अजून गरम होते. शेव होती, खोबरं होतं, कडेला लिंबाची फोड होती. कोथिंबीर नव्हती.

रांगेतली पाच-सहा माणसं आत डोकावत होती. पोस्टातला कुंभार होता. कोष्टी आळीतल्या दोन बायका होत्या. कौसाक्काला बघून त्या एकमेकींच्या कानात काहीतरी बोलल्या. कौसाक्कानं मागं वळून पाहिलं आणि ती स्टुलावरून उठली.

“लोकं बघत्यात,” ती हळू आवाजात म्हणाली. “दार लोटून घिऊ का?”

‘राहू दे उघडं,’ असं मी म्हणायला हवं होतं. तिचा गाडा विकला गेला होता, तिची गाडी अर्ध्या तासावर होती, तरीही म्हणायला हवं होतं.

“लोटा,” मी म्हटलं.